शून्य घरफोड्या

मयूर विहार, दिल्ली
सोमवार, ३ नोव्हेंबर

प्रिय सुरेखा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. काल फोनवर तू सांगितलंस की चौदा तारखेला दिल्लीत पोचणारं तिकीट काढलंय, आता आपलं घर उघडायचं, पंखे पुसायचे, आणि पुन्हा पुण्याला कुणाच्या घरी पाहुणी म्हणून जायचं नाही. मी "ये, ये" म्हटलं. मग तू जरा थांबून विचारलंस, "नंदे, खालच्या घरात एकटी राहीन ना गं मी? भीती नाही ना?" आणि मी म्हटलं, "छे, भीती कसली? आम्ही सगळे आहोत ना." ते उत्तर खोटं होतं. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा तसंच उत्तर देईन, म्हणून लिहायला बसले आहे. तिकीट रद्द करू नकोस, पण हे पत्र संपेपर्यंत सामानही बांधू नकोस. तळमजल्यावरच्या त्या घरात तू एकटीने राहावंस की नाही, हे तू माझ्या भरवशावर ठरवते आहेस. तो भरवसा किती खरा, ते आधी वाच.

सुरुवातीला माझी अवस्था सांगते, हसू नकोस. एकाहत्तर वर्षांत लग्न केलं नाही, कुणाला "अहो" म्हटलं नाही. आता दुपारी बेल वाजली की आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडते, "अहो, बघा हो कोण आलंय!" गेटवरचा हरीश, तो गढवाली गार्ड, पार्सल घेऊन आला होता, तो ऐकून उभाच राहिला. "मॅडमजी, मेहमान आए हैं?" मी म्हटलं, "हां, आए हैं. बहुत लंबे-चौडे हैं." तो हसला नाही. उलट म्हणाला, "अच्छा किया." त्याचं ते न हसणंच मला जास्त लागलं. जेवण झालं की स्वयंपाकघराच्या बाल्कनीचं दार लावते आणि त्याला गव्हाची कोठी टेकवते. कोठी ढकलताना कंबर धरते, पण ढकलते. रेडिओ लावते, मग रेडिओमुळे बाहेरचं ऐकू येत नाही म्हणून बंद करते, मग शांततेत नको ते सगळं ऐकू येतं म्हणून पुन्हा लावते. मागच्या गल्लीत कबाडीवाला ओरडला तरी हातातला चहा बशीत सांडतो. आर. के. पुरमला असताना बसमधल्या धक्केबाजांना छत्रीने बडवणारी मी! तू स्वतः पाहिलंयस ते.

उल्काताई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, असं मी तुला दसऱ्यानंतर सांगितलं होतं. सुरेखा, त्या पडल्या नाहीत. त्यांना पाडलं. ऑक्टोबरची नऊ तारीख, दुपारचे तीन. बी विंगच्या तळमजल्यावर त्या नेहमीसारख्या आडव्या झाल्या होत्या. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, त्यांना वाटलं कामवाली लवकर आली. "इतनी जल्दी कैसे आ गई?" असं विचारत त्या आत गेल्या. मागच्या बाल्कनीच्या ग्रिलचे चार स्क्रू काढून माणूस आत आला होता. त्याने एका हाताने त्यांना बाजूला सारलं, आपण दार सारतो तसं. चेहरा त्यांनी पाहिलाच नाही. दीड तास फरशीवर पडून त्या छताकडे बघत होत्या, आणि तो अजून घरात आहे की गेला हे त्यांना कळत नव्हतं. मला त्यांनी हे हॉस्पिटलात सांगितलं. म्हणाल्या, "हाड मोडल्याचं काही वाटत नव्हतं हो. ओरडलं तर तो परत येईल, असं वाटत होतं." कामवाली साडेचारला आली; घरातलं काहीच गेलं नव्हतं. आता त्या गुरुग्रामला मुलीकडे, रेवतीकडे, एकोणिसाव्या मजल्यावर आहेत. इथे परत येणार नाहीत.

आता एका तक्त्याकडे येते. सप्टेंबरात तुझ्या चैतन्यने मला फोन केला होता. "मावशी, आईला तिथे यायचंय, पण मला इमोशनल काही नको, डेटा दे." तेहतीस वर्षं आकड्यांच्या खात्यात काढलेल्या बाईला असं म्हटल्यावर ती काय करणार? मी आपल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीचा दोन वर्षांचा तक्ता करून पाठवला. घरफोड्या: सेहेचाळीसवरून एकोणतीस. वाहनचोऱ्या: एकशे दहावरून एकशे एकतीस. खाली जाड अक्षरात, आपली सोसायटी: घरफोड्या शून्य. चैतन्यचा निरोप आला, "इम्प्रेसिव्ह. आई येऊ शकते." तुझ्या सुनेनेही अंगठा पाठवला, सुखदाला तुझं जाणं इतकं पटेल असं वाटलं नव्हतं, पण ते जाऊ दे.

तो तक्ता पोलिसांच्या आकड्यांवरून केला होता आणि पोलिसांनी आकडे बदललेले नाहीत. मला आधी वाटलं होतं की बदलले असतील. म्हणून तर सप्टेंबरात ठाण्याचे इन्स्पेक्टर आपल्या हॉलमध्ये पडद्यावर आलेख दाखवायला आले तेव्हा मी पहिल्या रांगेत, वही घेऊन बसले होते. चाळिशीतला माणूस, थकलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं. राजाभाऊ, म्हणजे आपले अध्यक्ष, त्यांच्या शेजारी लग्नातल्या व्याह्यासारखे बसलेले. घरफोड्या एकतृतीयांशाहून अधिक घटल्या म्हणताच टाळ्या पडल्या. मी उठले. म्हटलं, "इन्स्पेक्टर साहब, ये चोरियाँ कम हुई हैं या शिकायतें?" कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला शिकवायच्या, ताठ उभं राहा, प्रश्न एकच विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. मी तशीच उभी राहिले.

तर तो माणूस चिडला नाही गं. म्हणाला, "मॅडम, आप सही पूछ रही हैं. मेरे पास सिर्फ़ वो है जो लिखवाया गया." आणि मग त्याने मला माझ्याच खात्यातल्या हुशार मुलासारखं समजावलं. गाडी चोरीला गेली की प्रत्येक जण तक्रार देतो, कारण तक्रारीशिवाय विमा मिळत नाही. म्हणून वाहनचोरीचा आकडा खऱ्याच्या सर्वांत जवळचा. मोबाइल खेचला गेला तरी लोक ऑनलाइन "हरवला" असं लिहून मोकळे होतात, कारण नवीन सिमकार्डाला तेवढा कागद पुरतो. तो मोबाइल चोरीच्या रकान्यात कधी येतच नाही. आणि घरफोडी म्हणजे घरात पोलीस येणार, बोटांचे ठसे घेणार, शेजारी बघणार, म्हणून ती सांगायचीच नाही. ज्या वर्षी तक्रार देणं सोपं होतं त्या वर्षी आकडा वाढतो आणि लोक म्हणतात गुन्हे वाढले. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "आपकी सोसाइटी से दो साल में घर की एक चोरी नहीं आई, मॅडम. इतनी भी शराफ़त नहीं होती." मी खाली बसले. राजाभाऊ म्हणाले, "अलकनंदाबाई, चहा घ्या, निवतोय." माझी जीभ किती चालते तुला ठाऊक आहे. त्या दिवशी चालली नाही. लोकांना वाटलं, साहेबांनी म्हातारीला गप्प केलं. का गप्प बसले ते सांगतेच आहे, पण मला जरा क्रमाने जाऊ दे.

उल्काताईंचं झाल्यावर मला घरात बसवेना. अठ्ठेचाळीस घरं आहेत आपली. वही घेतली आणि रोज सकाळी दहा ते बारा एकेक दार वाजवत निघाले. प्रश्न दोनच: गेल्या दोन वर्षांत काय गेलं, आणि ठाण्यात सांगितलंत का? एक्केचाळीस घरांनी उत्तर दिलं. निम्म्यांनी साखळी न काढता, फटीतून. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर गणपतीत आरत्या म्हटल्या त्यांचा एक डोळा आणि अर्धं नाक बघून मी परत फिरायची. उल्काताईंची घरफोडी हॉस्पिटलमुळे ठाण्यात गेलीच होती; ती सोडून सतरा चोऱ्या निघाल्या, सुरेखा. ठाण्याच्या दप्तरात चोरी म्हणून लिहिलेल्या फक्त दोन, दोन्ही गाड्या. तीन मोबाइल "हरवले". सायकली, गाडीचे आरसे, गॅसचा सिलिंडर, कुणी कळवलंच नाही. आणि घरफोड्या म्हणून लोकांनी तोंडाने सांगितलेल्या तीन. तिन्ही तळमजल्यावर. तिन्ही दुपारी. तिन्ही मागच्या ग्रिलचे स्क्रू काढून.

का नाही सांगितलं, ते ऐकण्यासारखं आहे. एकीच्या मुलीचं लग्न ठरत होतं, दारात पोलीस नको होते. एकाला घर विकायचं होतं. हेमांगी आठवते ना, डी विंगमधली, नवरा गेल्यापासून एकटी राहते ती? तिने मला आत घेतलं, दार लावलं, आणि कानाशी येऊन कुजबुजली, "मी सांगितलं तर मुलगा मला बंगळुरूला घेऊन जाईल हो. तिथे मला लिफ्टसुद्धा समजत नाही." मी तिला फाडफाड बोलले. म्हटलं, "अगं, तू सांगितलं असतंस तर उल्काताई आज चालत असत्या! तुझ्या लिफ्टपायी बाईचं हाड गेलं!" ती रडायला लागली. मी उठून बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. कारण मी तिला जे बोलले ते सगळं माझं होतं.

तुला माझी कचेरीतली कीर्ती ठाऊक आहे. राज्यांकडून तक्ते यायचे तेव्हा मी रिकामी चौकट खपवून घ्यायची नाही. माहिती नसेल तर "माहिती नाही" लिहा, खरोखर काही नसेल तरच शून्य लिहा. दोन्ही एक नव्हे. किती जणांना मी त्यासाठी रडवलंय. आपल्याकडे दर तीन महिन्यांनी ठाण्याचा हवालदार एक रजिस्टर घेऊन येतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची सही घेतो: या तिमाहीत चोरी, घरफोडी, संशयास्पद हालचाल. दोन वर्षं सेक्रेटरी मी आहे. राजाभाऊंनी मला सवय लावली, "बाई, निल लिहायचं आणि चहा पाजायचा." निल म्हणजे शून्य. बाकीच्यांच्या चोऱ्या मला ठाऊक नव्हत्या, त्या वेळी मी निल लिहिलं ते अज्ञानाने. पण या वर्षी एकोणतीस जूनला मी निल लिहिलं तेव्हा मला एक घरफोडी पक्की ठाऊक होती. ठाण्याच्या तक्त्यात आपल्या सोसायटीपुढे जे शून्य आहे, आणि जे मी चैतन्यला जाड अक्षरात पाठवलं, ते पोलिसांचं नव्हे. माझ्या हातचं आहे, माझ्या सहीचं.

ती घरफोडी तुझ्या घराची होती, सुरेखा. सव्वीस जून, गुरुवार. संध्याकाळी मी तुझं घर झाडून हवा द्यायला किल्लीने उघडलं, तर स्वयंपाकघरातून उजेड येत होता. बाल्कनीचं दार सताड उघडं, ग्रिल भिंतीला टेकवून ठेवलेलं, चार स्क्रू ओट्यावर ओळीने मांडलेले. ते ओळीने मांडलेले स्क्रू मी डोळे मिटले की दिसतात. एवढी सवड होती त्याला. कपाट उघडं, तुझ्या साड्या पलंगावर. देवघरातली चांदी गेली होती, बैठकीतला रेडिओ, आणि तुझ्या कपाटातलं मुरलीधरभाऊजींचं निवृत्तीचं घड्याळ. मी वर पळाले नाही, ओरडले नाही. तशीच साड्या घड्या करत बसले. अंधार पडेपर्यंत घड्या करत होते. मग राजाभाऊंना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी इथे नाहीत, घर बंद, माल जुना. गाजावाजा करून कुणाचं भलं होणार?" मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी लोहाराला बोलावून ग्रिल पक्कं वेल्ड करून घेतलं. ठसे, स्क्रू, सगळं मीच ओल्या फडक्याने पुसलं होतं.

राजाभाऊंना मी दोष देत नाही, त्यांचं कारण त्यांना लखलाभ. माझं कारण मी तुला सांगते. तक्रार झाली असती तर चैतन्यने त्याच आठवड्यात घर विकायला काढलं असतं आणि तू परत आली नसतीस. अडीच वर्षं मी खाली तुझ्या पंख्याचा, तुझ्या कुकरचा आवाज ऐकलेला नाही. दर रविवारी फोनवर तू म्हणायचीस, "येते गं, येते," आणि मी त्यावर आठवडा काढायची. हेमांगीला लिफ्टची भीती होती. मला याची होती. तिने आपल्या मुलाला फसवलं, मी तुला फसवलं, आणि मधल्या मध्ये साडेतीन महिन्यांनी तो माणूस उल्काताईंच्या स्वयंपाकघरात उभा राहिला, तेच चार स्क्रू काढून. जूनमध्ये ठसे घेतले असते तर तो तेव्हाच सापडला असता का? मी रोज हा प्रश्न विचारते. कदाचित सापडला नसता. पण निदान कोणी त्याला शोधत तरी असतं.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला दोन वेळा उठून पाणी प्यावं लागलं. तो पकडला गेलाय. दिवाळीनंतर दुसऱ्याच एका वसाहतीत, ग्रिलवर काम करताना. त्याच्या खोलीत पोतंभर सामान मिळालं. परवा, शनिवारी, तेच इन्स्पेक्टर सोसायटीच्या ऑफिसात आले आणि मोबाइलवर एकेक फोटो दाखवू लागले. "मॅडम, माल है, मालिक नहीं है. उल्काजी ने चेहरा नहीं देखा. कोई एक चीज़ पहचान ले तो ये अंदर रहेगा." नववा की दहावा फोटो घड्याळाचा होता. मागच्या बाजूला भाऊजींच्या खात्याचं नाव आणि निवृत्तीची तारीख. मला चष्मासुद्धा लागला नाही. राजाभाऊ माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नहीं, पहचान में नहीं आता." इन्स्पेक्टर म्हणाले, "ठीक है मॅडम," आणि पुढचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला.

हे पत्र एवढ्यासाठी की गुरुवारी सकाळी अकराला मी ठाण्यात जाणार आहे. कुरियर बुधवारपर्यंत पोचतं म्हणतात, म्हणून गुरुवार धरला. तुला हे ठाण्याच्या फोनवरून कळू नये. सव्वीस जूनच्या घरफोडीची तक्रार मी माझ्या नावाने देणार, रजिस्टरात निल मी लिहिलं आणि शनिवारी मी खोटं बोलले, हेही त्यात लिहिणार. राजाभाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "या वयात हे कशाला, बाई? तुम्हालाच आत बसवतील." बसवतील तर बसवतील, त्याचीही भीती वाटते, नाही असं नाही. अठरा तारखेला त्याच्या जामिनाची सुनावणी आहे. तो सुटला तर त्याला आपला प्रत्येक जिना आणि प्रत्येक ग्रिल पाठ आहे. माझी तक्रार नोंदवली जाईल, पण घड्याळ कुणाचं हे मालकिणीने सांगितलेलं वेगळं, ते तुलाच करावं लागेल. म्हणून तिकीट ठेव आणि चौदाला ये, पण खालच्या घरात उतरू नकोस. माझ्याकडे वर राहा, आणि माझं तोंड बघवत नसेल तर रेवतीने तिच्याकडे खोली ठेवली आहे, मी तिला विचारून घेतलंय. पंधराला ठाण्यात जाऊन घड्याळ ओळख, सही कर. घर विकायचं की त्यात राहायचं, ते त्यानंतर ठरव, आणि या वेळी माझा सल्ला घेऊ नकोस. सही आधी कर, शिव्या नंतर दे. दोन्ही इथे येऊन.

तुझीच, वरच्या मजल्यावरची,
नंदा